नवे पुस्तक आणि त्याचा वाचक : सोलापूरच्या निमित्ताने

मराठी वाङ्मयाचा इतिहास ग्रंथांच्या प्रकाशनवर्षांवर उभारलेला आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, हरिभाऊंची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागलेली, अशा नोंदींतून कालखंड पडतात आणि कालखंडांतून प्रवृत्ती निश्चित होतात. या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पुस्तक ज्या वर्षी छापले गेले त्या वर्षी ते सर्वांसाठीच नवे होते, असे ते गृहीत होय. वस्तुतः पुस्तक पुण्यामुंबईच्या दुकानात नवे असते तेव्हा ते सोलापूरला अद्याप पोहोचलेलेही नसते. सोलापूरला पोहोचते तेव्हा ते वर्गणीदार गृहस्थासाठी नवे होते, त्याच घरातील स्त्रीसाठी आणि मुलासाठी नव्हे. आणि गिरणीच्या चाळीत राहणाऱ्या तेलुगूभाषक विणकरासाठी ते कदाचित दोन पिढ्यांनंतर नवे होते. सार्वजनिक ग्रंथालयांच्या दर्शनी भागात ‘नवीन आलेली पुस्तके’ म्हणून जो फलक किंवा जे कपाट असते, त्याच्याकडे साहित्यसमीक्षेने कधी गांभीर्याने पाहिलेले नाही. वाचक नावाची संस्था एखाद्या गावात कशी घडली हे पाहायचे असेल, तर शोध तेथूनच सुरू करावा लागतो.

सोलापूरला हा शोध विशेष फलदायी ठरावा अशी परिस्थिती आहे. येथील नगरपालिका १८५२ ची आणि सार्वजनिक वाचनालय १८५३ चे. आज ते हिराचंद नेमचंद वाचनालय या नावाने ओळखले जाते. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), ठाणे आणि कोल्हापूर (१८५०) या मालिकेतले हे वाचनालय आहे. या संस्था बहुधा इंग्रज अधिकारी आणि स्थानिक प्रतिष्ठित यांच्या सहकार्यातून निघाल्या आणि ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे त्यांचे त्या काळातले सर्रास नाव होते. या नावातली दोन्ही विशेषणे लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहेत. ‘नेटिव्ह’ म्हणजे साहेबाव्यतिरिक्त. पण त्यात प्रत्यक्षात कोणते नेटिव्ह येत होते हे सांगायला नको. ‘जनरल’ म्हणजे सर्वसाधारण; आणि हे सर्वसाधारणपण तर अधिकच मर्यादित होते. वर्गणी भरू शकणारा, इंग्रजी किंवा किमान मोडी-बाळबोध सफाईने वाचणारा, कचेरीतून वा दुकानातून सायंकाळी मोकळा होणारा प्रौढ पुरुष, एवढाच त्याचा विस्तार. पुढे या संस्थांनी ‘नगर वाचन मंदिर’, ‘ग्रंथसंग्रहालय’, ‘ग्रंथालय’ अशी नावे घेतली. मंदिर म्हटले की दर्शन आले, संग्रहालय म्हटले की जतन आले. वाचनाच्या सामाजिक कल्पनेत झालेला बदल या नामांतरांतून जितका स्वच्छ दिसतो तितका तो अहवालांतून क्वचितच दिसतो.

१८५३ च्या या वाचनालयाला एक सुख लाभले होते, जे नंतरच्या कोणत्याही ग्रंथपालाला लाभले नाही. १८६४ अखेरपर्यंतच्या देशी मुद्रितांची जी सरकारी सूची झाली, तिच्यातील मराठी पुस्तकांची संख्या साडेसहाशेच्या आसपास आहे. म्हणजे त्या पिढीतल्या एखाद्या वाचनालयाने मनावर घेतले असते, तर सगळे मुद्रित मराठी वाङ्मय चार-दोन कपाटांत मावले असते. निवड करण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता. ‘नवे’ आणि ‘सगळे’ यांतले अंतर नगण्य होते, आणि जे येईल ते वाचनीयच मानले जात होते. रेल्वे सोलापूरला पोहोचली १८६० साली. तोवर पुस्तकांचा गठ्ठाही बैलगाडीच्या गतीने येत असणार. १८६७ मध्ये सोलापुरातच ‘कल्पतरू आणि आनंदवृत्त’ हे साप्ताहिक निघाले. या टप्प्यावर ‘वाचनालय’ या शब्दाचा अर्थ पुस्तकांपेक्षा वर्तमानपत्रांशी अधिक निगडित होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एक जण मोठ्याने वाचतो आणि दहा जण ऐकतात, या रीतीला वाचन म्हणायचे की श्रवण, हा प्रश्न रामजोशांच्या लावणीच्या आणि सिद्धरामेश्वरांच्या वचनांच्या गावात तरी वरवरचा ठरत नाही. साहित्य कानाने घेण्याची परंपरा तेथे मुद्रणाच्या कितीतरी शतके आधीची आहे.

ज्या हिराचंद नेमचंद दोशींचे नाव या वाचनालयाला आहे, त्यांच्या चरित्रात ‘नव्या पुस्तका’चा प्रश्न फार वेगळ्या रूपात उभा राहिलेला दिसतो. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे हे वडील. दिगंबर जैन समाजातले सुधारक आणि १८८० च्या दशकात सोलापुरातून निघालेल्या ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे प्रवर्तक. त्या काळी जैन समाजात धर्मग्रंथ छापावेत की नाही यावर तीव्र वाद होता. शास्त्र हे हस्तलिखित पोथीत, भांडारात, वेष्टनात गुंडाळून ठेवायचे. ते यंत्रावर चढवले, कोणाच्याही हाती पडू दिले, तर त्याचा अविनय होतो, अशी परंपरानिष्ठांची धारणा होती. हिराचंद नेमचंद छपाईच्या बाजूने उभे राहिले. येथे हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ ‘नवा’ होतो, तो केवळ छापला गेल्यामुळे; आणि त्याच्या नवेपणालाच विरोध होतो, कारण नवेपणाबरोबर त्याचा वाचक बदलतो. भांडाराचा अधिकारी जाऊन त्या जागी कोणीही गृहस्थ येतो. पुढे जीवराज गौतमचंद दोशींच्या दानातून सोलापुरातच उभी राहिलेली जीवराज जैन ग्रंथमाला ही त्याच प्रक्रियेची विद्वत्तापूर्ण परिणती आहे. ‘नवे’ हा शब्द कालवाचक नसून संबंधवाचक आहे, याचे याहून चांगले उदाहरण मराठी प्रदेशात शोधावे लागेल. ज्याने धर्मग्रंथ छापण्याचा पुरस्कार केला त्याचे नाव सार्वजनिक वाचनालयाला असावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

मात्र या उदारतेलाही सीमा होत्याच. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या सुमारास, १८७७ मध्ये, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली आणि गावाची जात बदलली. ‘जुनी गिरणी’ म्हणून लोकांच्या तोंडी बसलेल्या या गिरणीमागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कानडी मुलखातून आलेले लिंगायत, उर्दू बोलणारे मोमीन आणि मराठी कष्टकरी यांनी मिळून जे शहर बनवले, त्याची वाङ्मयीन भाषा कोणती, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. ही चार नावे चार समाजांची आहेत. गावाच्या रस्त्यावर हे समाज एकत्र येत होते. वाचनालयाच्या सभासदपुस्तकात ते याच प्रमाणात एकत्र आले असतील असे मानायला आधार नाही. पाळीच्या भोंग्यावर चालणाऱ्या माणसाला सायंकाळचे वाचनालय गाठणे कठीण, आणि अनामत रक्कम भरणे त्याहून कठीण. एवढे करून हाती येणारे पुस्तक मराठी असणार, घरात बोलली जाणारी भाषा मात्र तेलुगू.

स्त्रियांविषयी सर्वत्र आढळणारी रीत सोलापुरात वेगळी असण्याचे कारण नाही. वर्गणी पुरुषाच्या नावावर, पुस्तक बदलून आणणारा मुलगा किंवा गडी, आणि प्रत्यक्ष वाचणारी व्यक्ती नोंदवहीत कोठेच नाही. हरिभाऊंच्या आणि पुढे फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्यांचा खरा वाचकवर्ग यामुळे ग्रंथालयाच्या कागदपत्रांत अदृश्य राहिला. १९४१ चे मराठी साहित्य संमेलन सोलापूरला खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली भरले. खांडेकरांची लोकप्रियता म्हणून जे काही सांगितले जाते, ते कोणाच्या मागणीवर उभे होते याचा छडा समीक्षेने लावला असता, तर ‘बोधवाद’, ‘ध्येयवाद’ या शिक्क्यांपलीकडे काही हाती लागले असते.

मुलांचा प्रश्न याहून निराळा आहे. मराठी बालवाङ्मय वाचनालयांच्या आधीपासून आहे. सदाशिव काशिनाथ छत्र्यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ १८२८ ची. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ चे. वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ चे. परंतु ही पुस्तके शाळेच्या वाटेने, बक्षिसाच्या वाटेने, फार तर वडिलांच्या खिशाच्या वाटेने मुलापर्यंत गेली. मूल स्वतः कपाटापुढे उभे राहून पुस्तक निवडते, ही कल्पनाच वाचनालयांच्या पहिल्या अर्धशतकात नव्हती. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर ती प्रथम ठळकपणे आली ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन केले, खेड्यांकडे फिरत्या पेट्या पाठवल्या, आणि त्या पेट्यांत घालायला पुस्तके हवीत म्हणून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ व ‘सयाजी बालज्ञानमाला’ सुरू केल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाचकाची कल्पना झाली, मग त्याच्यासाठी पुस्तक लिहवून घेतले गेले. ब्रिटिश मुलखातील सोलापूरला असा राजा नव्हता. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मद्रासहून ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतली दोन वाचक आणि पुस्तक यांच्या परस्परशोधाविषयी आहेत. मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने १९४० च्या सुमारास श्रेणीबद्ध ग्रंथालयांची योजना सुचवली. पण योजना आणि कपाट यांच्यात पैशाचे अंतर असते, आणि ते स्वातंत्र्यानंतरही बराच काळ टिकले.

ते अंतर भरून काढण्याचा कायदेशीर प्रयत्न म्हणजे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम. त्याआधी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने आणि १९४८ मध्ये मद्रास प्रांताने असे कायदे केले होते. मद्रासने ग्रंथालयकर बसवला. महाराष्ट्राने तो टाळला आणि लोकांनी चालवलेल्या संस्थांना शासनाने अनुदान द्यावे असा मार्ग पत्करला. या मार्गाचे श्रेय मोठे आहे. १८५३ सारख्या जुन्या संस्था त्यामुळे स्वायत्त राहिल्या आणि गावोगावी नव्या संस्था निघाल्या. परंतु अनुदानासाठी वर्ग ठरवायचा तर मोजता येईल असेच निकष लागतात : पुस्तके किती, नियतकालिके किती, वर्गणीदार किती, उघडे राहण्याचे तास किती, बालविभाग आणि महिला विभाग आहे की नाही. सर्व वयोगटांचा वाचक शासनदरबारी अशा रीतीने प्रथमच मान्य झाला, हे खरे. मात्र तो मान्य झाला तो तपासणीच्या तक्त्यातला एक रकाना म्हणून.

याचा साहित्यावर परिणाम झाला काय? येथे एक परदेशी दाखला उपयोगी पडतो. १८४२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या म्युडीच्या फिरत्या ग्रंथालयाने इंग्रजी कादंबरीला तीन खंडांत बांधून ठेवले. साडेएकतीस शिलिंगांची कादंबरी सामान्य वाचक विकत घेणे अशक्य; वर्षाला एक गिनी भरून एका वेळी एक खंड घरी न्यायचा. खंड तीन असले म्हणजे तीन वर्गणीदार एकाच वेळी गुंतवता येतात, आणि घरातल्या मुलीसमोर वाचता येणार नाही असे काही ग्रंथालय घेत नाही, म्हणून ते लिहिलेही जात नाही. १८९४ मध्ये मोठ्या ग्रंथालयांनी ही पद्धत मोडली आणि तिच्याबरोबर तीनखंडी कादंबरीही संपली. ग्रंथालयाचा हिशेब कथनाच्या रचनेत कसा शिरतो याचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे. मराठीत म्युडी झाला नाही. झाले ते असंख्य छोटे ग्राहक, ज्यांचा एकत्रित आकार एखाद्या म्युडीएवढा होता. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती, तिच्यातल्या बहुतेक प्रती ग्रंथालयांकडे, मार्चअखेरची घाईची खरेदी, कमिशनच्या टक्क्यांवर ठरणारी निवड. हे चित्र मराठी प्रकाशनाशी परिचित असलेल्या कोणालाही नवे नाही. अनुदान पुस्तकांच्या संख्येवर मिळत असेल, तर एका जाड ग्रंथापेक्षा चार पातळ कादंबऱ्या फायद्याच्या. कादंबरीच्या लांबीवर, किमतीवर आणि एकूण निरुपद्रवीपणावर या गणिताचा जो ठसा पडला, त्याची चर्चा रूपवादी समीक्षेने केली नाही, कारण तिच्या लेखी पुस्तक कपाटाबाहेरच असते. आणि समाजशास्त्रीय समीक्षेनेही केली नाही, कारण तिला वर्गसंघर्षाहून लहान आकडेमोडीत रस नव्हता.

सर्व वयांच्या वाचकांना एकाच छपराखाली घेतल्यावर कोणी काय वाचावे हा प्रश्नही अटळ होतो. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. त्या निकालात न्यायालयाने साहित्याचे वाचक म्हणून प्रौढ आणि किशोरवयीन या दोहोंचा विचार केला, आणि समाजाची मापे बदलत असल्याचे मान्य केले. ग्रंथनिवड समित्यांनी हा निकाल वाचला असेल असे वाटत नाही. काकोडकर आणि बाबूराव अर्णाळकर यांची पुस्तके मुलांनी मोठ्यांच्या नावावर नेली, वर्गाच्या बाकाखाली वाचली आणि परतही केली. अर्णाळकरांच्या हजारांवर रहस्यकथांनी किती मराठी मुलांना सलग शंभर पाने वाचायला शिकवले, याचा हिशेब बालवाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात मांडलेला नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’, नेहरू बाल पुस्तकालयाच्या चित्रमय पुस्तिका हे सारे त्या वाटेवर नंतर आले, आणि ते उजळ माथ्याने आले, एवढाच फरक.

हान्स रॉबर्ट याउसने कॉन्स्टान्झ येथे दिलेल्या व्याख्यानात ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना मांडली, तेही वर्ष १९६७ च. साहित्यकृतीचे नवेपण तिच्या वाचकाच्या पूर्वापेक्षांशी ताडून पाहिले पाहिजे, हे त्याचे म्हणणे मराठी समीक्षेत बरेच चर्चिले गेले. मात्र त्याच्या क्षितिजाला भाषा एकच असते. सोलापूरच्या वाचकाला ती सोय नाही. जयदेवीताई लिगाडे यांचा जन्म १९१२ मध्ये सोलापूरला झाला. त्यांनी कन्नडमध्ये सिद्धरामेश्वरांवर महाकाव्य लिहिले, मराठीतही लेखन केले, आणि १९७४ च्या मंड्या येथील कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या महाकाव्याचा नायक सोलापूरचे ग्रामदैवत आहे, कवयित्री सोलापूरची आहे, आणि गावातल्या मराठीच वाचणाऱ्या वाचकासाठी ते पुस्तक अद्याप नवेसुद्धा झालेले नाही. भाषावार प्रांतरचनेने जिल्ह्याची सीमा आखली तशी ती ग्रंथालयाच्या कपाटांमधूनही गेली.

याच्या उलट दिशेचा प्रवास शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’चा आहे. लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. १९५६ चा जन्म. १९८४ मध्ये हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ग्रंथालयशास्त्राच्या दशांश वर्गीकरणात ते चरित्र-आत्मचरित्राच्या गटात जाते, म्हणजे मुत्सद्दी, संत आणि उद्योगपती यांच्या शेजारी. ज्या फळीवर वंशावळीने सुरू होणारी चरित्रे आहेत, त्याच फळीवर वंशच नाकारला गेलेल्या माणसाचे हे कथन येऊन बसते. यापूर्वी ‘जनरल’ या विशेषणात ज्यांची गणती झाली नव्हती, ते येथे लेखक म्हणून दाखल होतात, आणि वर्गणीदार वाचकाला आपल्याच जिल्ह्यातली गावे अनोळखी वाटू लागतात. या पुस्तकाचे नवेपण १९८४ मध्ये संपले नाही. इंग्रजी भाषांतरातून ते परदेशी विद्यापीठांत पोहोचले, आणि दरवर्षी सोलापूरच्या एखाद्या महाविद्यालयीन मुलाच्या हातात ते पहिल्यांदाच पडते.

२००६ मध्ये साहित्य संमेलन पुन्हा सोलापूरला भरले तेव्हा अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली. ते १९३२ मध्ये याच शहरात जन्मले आणि १८ जून २०२५ रोजी याच शहरात निवर्तले. आडनाव तेलुगू मुलखाची आठवण देणारे, नोकरी वनखात्यातली, लेखन मराठीत; आणि त्या मराठीत संस्कृत, लोकभाषा आणि आदिवासी बोलींतून गोळा केलेले पक्ष्यांचे, झाडांचे, श्वापदांचे हजारो शब्द. त्यांची पुस्तके बालविभागात ठेवावीत की प्रौढ विभागात, ललितात की निसर्गविज्ञानात, याचा निर्णय ग्रंथपालाला सहज करता येत नाही. ‘रानवाटा’ दहा वर्षांच्या मुलाने वाचली तरी चालते आणि सत्तर वर्षांच्या माणसाने वाचली तरी. दाखल नोंदवहीत मात्र एका पुस्तकाला एकच क्रमांक असतो, आणि तो देताना कोणत्या तरी एका विभागाचे नाव लिहावेच लागते.